साडूंचं स्कॉटलंड

माझे साडू मुलाकडे स्कॉटलंडला दोन महिने राहून आले आणि माणसातून उठले. तिकडे म्हणे सात-आठ जणांना छोट्या गाडीत घालून एका दिवसात किल्ले, तळी आणि व्हिस्कीची डिस्टिलरी दाखवतात. "आपल्या नगर जिल्ह्यात काय कमी आहे?" केडगावच्या बंगल्यात बसून त्यांनी आम्हाला विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत रविवारची गाडी ठरवून टाकली. किल्ला, मुळा धरण आणि साखर कारखान्याची डिस्टिलरी.

डिस्टिलरीचं नाव निघालं आणि मी बायकोकडे पाहिलं. तिथे मी एकतीस वर्षं केमिस्ट होतो आणि माझ्या माळकरी सासऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. लग्न जमवताना मध्यस्थाने 'साखरेच्या प्रयोगशाळेत आहे' असं ठोकून दिलं होतं. आम्ही तेच पुढे चालवलं. सासऱ्यांच्या सख्ख्या भावाने देशी दारूचं दुकान घेतलं, तर तो भाऊ मरेपर्यंत यांनी त्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. बायको माझे कामावरचे कपडे घरामागे वेगळे धुवायची, कारण मळीचा आंबट वास लपत नाही. वडील तिच्या हातचं जेवायला बसले की तिचं लक्ष दाराकडे असायचं, कामावरचं कुणी येऊन काही बोलून जाईल म्हणून.

"तिथे बघण्यासारखं काही नाही. नुसता वास," मी साडूंना म्हणालो.

"अहो, तिकडे नुसत्या वासावर लोक तासभर बोलतात," ते म्हणाले. सासऱ्यांना त्यांनी शेवटी शनिशिंगणापूरला न्यायचं आमिष दाखवलं. डिस्टिलरी आली की मामा, म्हणजे सासरे, गाडीतच बसतील, असं ठरलं.

त्यांचा किल्ला म्हणजे नगरजवळच्या डोंगरावरची ती तीन मजली कबर. अर्धं नगर तिला राणीचा महाल म्हणतं, साडूही त्यातलेच. कबर असल्याचा फलक तिथेच आहे, त्याला टेकून त्यांनी फोटो काढून घेतला. मेहुणीने आत सतरंजी अंथरली आणि एका मेलेल्या सरदाराच्या डोक्यावर बसून आम्ही धपाटी आणि दही खाल्लं. राणी इथून फौजेवर नजर ठेवायची, असं साडू सांगत होते. ही कबर आहे म्हणालो, तर म्हणाले, "असेल, पण वर राहायला जागा आहे की." यांना विमानाचं तिकीट देणाऱ्या मुलाची मला कीव आली.

राहुरीकडून धरणावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. त्या उन्हात आम्हाला उभं करून साडूंनी पाण्यावर धुकं कसं दिसायला हवं ते समजावलं. धुक्याअभावी त्यांनी शेवटी गॉगल काढून पुसला. बायको पाण्याकडे पाठ करून डिस्टिलरीच्या रस्त्याकडे बघत होती.

डिस्टिलरीच्या गेटवर साडूंनी पिशवीतून तिकडून आणलेले चार छोटे ग्लास काढले. इथलं स्पिरिट टँकरने बाहेर जातं, ते कुणी पाहुण्यांना चाखायला देत नाही. मी ते ग्लास पुसायला त्यांना माझा रुमाल दिला. ते आणि मेहुणी पास काढायला ऑफिसात गेले. मामांना सोबत हवी म्हणून मी आणि बायको गाडीतच थांबलो. मी स्वतःवर खूश होतो.

तेवढ्यात गेटवरचा माणूस रजिस्टर घेऊन खिडकीशी आला. केस पिकले होते, तरी मी लगेच ओळखला. वीसेक वर्षांपूर्वी मी मळी आंबवायच्या एका रिकाम्या टाकीत उतरलो होतो. आत वायू साठलेला होता, मी कोसळलो. हा माणूस कमरेला दोर बांधून खाली उतरला आणि त्याने मला वर काढलं. नंतर चार दिवस तोही दवाखान्यात पडून होता.

"साहेब, तुमीच का?" तो वाकून म्हणाला. "लई दिवसांनी आलात."

सासऱ्यांनी मान वळवली. बायकोने माझा दंड घट्ट धरला.

"तुमची काहीतरी चूक होतेय," मी म्हणालो. "मी इथे कधी आलेलो नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं. तो बावळट नव्हता.

"व्हय बाबा, चुकलंच माझं," तो सासऱ्यांना म्हणाला. "आमचे साहेब निराळे हुते."

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. सासरे मात्र त्याच्याकडे बघतच राहिले.

"मानूस भला दिसतोय," ते मला म्हणाले. "असल्या घाणीत कसा पडला आसंल?"

बायकोची बोटं अजून माझ्या दंडात रुतलेली होती. मी म्हणालो, "पोटासाठी काहीही करतात, मामा. असल्या लोकांना कसली लाज."

तो दोन पावलांवर उभा राहून आमच्या गाडीचा नंबर लिहून घेत होता. त्याचं पेन थांबलं. मग त्याने उरलेले आकडे लिहिले आणि जाऊन आमच्यासाठी गेट उघडलं.