उशिराचं आमेन

आमच्या डोंबिवलीच्या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आमेन दोनदा व्हायचं. पहिलं सगळ्यांचं, एका सुरात. दुसरं दादाचं, एकट्याचं, जरा वेळाने. तोवर मी डोळे उघडून उठायच्या बेतात असायचे आणि त्याच्या त्या आमेनने परत बसायचे. त्याचं लक्षच नसतं, असं मी धरून चालले होते. एकदा मी त्याला म्हटलंही, "अरे, एवढं तरी वेळेवर म्हण." तो हसला. म्हणाला, "पोचतं गं. उशिरा पोचतं, एवढंच."

दादा माझा थोरला भाऊ. त्याला जाऊन आता दुसरं वर्ष लागलं आहे.

आम्ही मराठी ख्रिस्ती. हे सांगितलं की पुढचे प्रश्न मला पाठ आहेत. कोलशेतला ज्या कंपनीत मी पर्चेसला काम करते, तिथे डबा खाताना ते हमखास निघतात. "म्हणजे तुम्ही गोव्याचे का?" नाही, नगरकडचे. "पण तुमचं मराठी किती छान आहे!" तुमचंही बरं आहे. "मग घरी काय बोलता?" घरी भांडतो, तेही मराठीत. आणि कोणी खरंच मनापासून विचारलं, की तुम्ही नेमकं काय मानता, तर त्यासाठीही माझ्याकडे एक उत्तर तयार असायचं. आपण देवाला शोधायच्या आधी त्याने आपल्याला शोधलं, येशू माझ्यासाठी मेला आणि उठला, म्हणून मला मरणाची भीती नाही. पोळी-भाजी संपायच्या आत संपणारं आणि कोणालाही न दुखवणारं. रविवारी माजिवड्याच्या आमच्या चर्चमध्ये मी मुलांचं संडे स्कूल घेते, तिथे हेच उत्तर चित्रं दाखवून सांगते.

दादाला ते कधी पुरलं नाही. कॉलेजात असतानाच त्याने उपासनेला येणं सोडलं. भांडून वगैरे नाही. "मला समजत नाही, आणि समजल्यासारखं करून तिथे उभं राहायची लाज वाटते," एवढंच म्हणाला. लग्न केलं ते बौद्ध घरातल्या मुलीशी, रजिस्टर पद्धतीने. आई महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. मग वहिनी घरात आली आणि बघता बघता सासू-सुनेची अशी गट्टी जमली, की माहेरी गेल्यावर मलाच पाहुण्यासारखं वाटायला लागलं. वहिनी एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. बोलायला सरळ. प्रार्थनेला ती आमच्याबरोबर बसायची, पण आमेन म्हणायची नाही. आईने सुरुवातीलाच तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी मानत नाही ते नुसतं तोंडाने म्हटलं तर त्यात तुमचाही अपमान आणि माझाही." आईला हे फार आवडलं. पुढे नातेवाइकांपैकी कोणी टोकलं की आईच तिची बाजू घ्यायची.

प्रार्थना आमच्याकडे घरातलं मोठं माणूस करतं, आणि एकेकाचं नाव घेऊन त्याला देवापुढे ठेवतं. बाबा होते तोवर ते आईच्या नावापासून सुरुवात करायचे. बाबा गेल्यावर प्रार्थना आईकडे आली. आधी आजारी माणसं, मग इमारतीतले अडलेनडलेले, मग दादा, वहिनी, मी, माझा नवरा, मुलं. प्रत्येकासाठी एक मागणं. दादासाठीचं मागणं इतक्या वर्षांत बदललं नाही. "माझ्या लेकाला तुझ्याकडे परत आण." दादा समोरच बसलेला असायचा, डोळे उघडे ठेवून, आईकडे बघत. मला राग यायचा. त्याचे डोळे उघडे आहेत हे दिसायला माझेही उघडे असावे लागतात, हे काही मला सुचायचं नाही.

तो गेला तो कामावर, एमआयडीसीत, भर दुपारी. छातीत दुखतंय म्हणून खुर्चीत बसला, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. कल्याणच्या दफनभूमीत त्याला ठेवलं. आमच्यात माणूस गेलं की "प्रभूमध्ये निजला" असं म्हणतात. आमचे पाळक भले गृहस्थ आहेत, पण ज्याला त्यांनी कधी चर्चमध्ये पाहिलं नाही त्याच्याबद्दल तसं म्हणायला त्यांची जीभ वळली नसावी. ते म्हणाले, "आपल्या या भावाचं निधन झालं आहे." मला वाटलं, आईने हे ऐकलं नसू दे. आईने ऐकलं होतं. तिने माझा दंड घट्ट धरला होता, तो सोडला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी मी डोंबिवलीला गेले. आई, वहिनी आणि मी, तिघी प्रार्थनेला बसलो. आई नेहमीच्या क्रमाने नावं घेत दादापाशी आली आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या लेकाला तुझ्याकडे परत आण."

मग ती थांबली.

वारलेल्या माणसासाठी आमच्या चर्चमध्ये काही मागायचं नसतं. जे ठरायचं ते जिवंतपणी ठरतं, नंतर मागून उपयोग नाही, अशी शिकवण आहे. मीच ती मुलांना देत आले आहे. आईने कशीबशी पुढची नावं घेतली. मी आमेन म्हटलं. आणि मग आम्ही कोणीच उठलो नाही. पंखा फिरत होता, खाली कोणीतरी स्कूटर स्टँडवर लावत होतं, आणि आम्ही तिघी दुसऱ्या आमेनची वाट बघत बसलो होतो.

"आलं," आई म्हणाली.

"काय आलं?"

"त्याचं आमेन. तू नाही ऐकलंस?"

मी म्हटलं, शेजारचा टीव्ही असेल. आईने वाद घातला नाही. वहिनी मान खाली घालून बसली होती.

तेव्हापासून माझ्याही मागे ते लागलं. माजिवड्याला आमच्या घरी जेवायच्या आधी नवरा छोटीशी प्रार्थना करतो. आमेन झालं की मुलं वाट्या पुढे ओढतात, आणि मी तशीच बसून राहायचे, हायवेवरच्या गाड्यांच्या आवाजामागे काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत. "अगं, वाढतेस ना?" नवरा म्हणायचा. मला भीती वाटायची. ऐकू येईल याची वाटायची आणि येणार नाही याची जास्त वाटायची. डब्याच्या वेळी कोणी काही विचारलं तर मी हसून विषय बदलायला लागले. मला मरणाची भीती नाही, हे वाक्य आता माझ्याने म्हणवत नव्हतं.

आईने तर मोठ्याने प्रार्थना करणंच सोडलं. "पुन्हा तोंडातून निघून जाईल," म्हणाली. रविवारी मी गेले की ती मला सांगायची, "तू कर." मी करायचे. दादाच्या जागी आले की उडी मारून पुढे जायचे. मग आमेन, मग ते थांबणं. आईच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही.

असे बरेच रविवार गेले. मग एकदा मी चहा घेऊन बसले होते आणि आई अचानक म्हणाली, "तू मुलांना शिकवतेस ना? मग मला सांग. माझा मुलगा कुठंय?"

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "आई, देव न्यायी आहे, आणि दयाळूही आहे."

"हे पाळकांनीही सांगितलं."

"शेवटच्या क्षणी त्याने देवाला हाक मारली असेल. आपल्याला काय माहीत?"

"हाक त्याने पाण्यासाठी मारली होती," आई म्हणाली. "हे शिकलेलं नको सांगूस. तुझं सांग. तुला स्वतःला काय माहीत आहे?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी असा विचारला नव्हता. मी तयार उत्तरात हात घालून बघितला, त्यातलं एकही वाक्य हाताला लागेना. मला फक्त लहानपणची कावीळ आठवली. तापात डोळे उघडले की आई कॉटशेजारी बसून माझं नाव घेत असायची. ती मला हाक मारत नसायची. माझ्या पलीकडे कोणालातरी ते नाव सांगत असायची, आणि तिच्या आवाजावरून मला अगदी स्पष्ट कळायचं, की पलीकडचा ऐकतो आहे. मग मी झोपायचे.

मी तेच तिला सांगितलं. "एवढंच माझं आहे, आई. तू नाव घेत होतीस आणि कोणीतरी ऐकत होतं. बाकी सगळं मी नंतर शिकले. दादा कुठंय, ते मला माहीत नाही."

"माहीत नाही" म्हणताना माझा आवाज फाटला. आई माझ्याकडे नुसती बघत होती. रागाने नाही.

"मी तर सगळ्यांची नावं घेतली," ती म्हणाली. "त्याने आयुष्यात एकदा जरी कोणाचं घेतलं असतं ना, मला पुरलं असतं."

वहिनी पलीकडे ओट्यापाशी मेथी निवडत होती. ती म्हणाली, "घ्यायचा की."

आम्ही दोघी वळलो.

"तुमचंच घ्यायचा, आई. रोज. मी विचारलेलं त्याला, तू आमेन एवढ्या उशिरा का म्हणतोस म्हणून. तर म्हणाला, आई सगळ्यांची नावं घेते आणि तिचंच राहतं. पूर्वी बाबा घ्यायचे, आता कोणी घेत नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांचं आमेन झालं की तो मनात तुमचं नाव घ्यायचा, आणि मग आमेन. मी म्हटलं, अरे, पण तू तर मानत नाहीस! तर म्हणाला, माझं मला माहीत नाही, पण कोणी ऐकत असेल तर आईचं राहायला नको."

मी जवळजवळ ओरडलेच. "वहिनी, हे तू आत्ता सांगतेस?"

"मला काय माहीत ताई, तुमच्यात हे एवढं मोठं असतं?" तिचेही डोळे भरले होते. "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सगळे तर त्याच्यासाठी थांबायचात."

आम्ही थांबायचो. दादा काय करतो आहे हे न कळता, कंटाळून थांबायचो. प्रार्थना करणारा स्वतःचं नाव घेत नाही, ही साधी गोष्ट घरात फक्त त्याच्या लक्षात आली होती. जो उघड्या डोळ्यांनी आईकडे बघत बसायचा, त्याच्या.

आई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे तो गेल्यापासून माझं नाव कोणी घेतलंच नाही?"

मी घेतलं नव्हतं. प्रार्थना माझ्याकडे आल्यावरही मी मधलं दादाचं नाव वगळण्यात इतकी गुंतले होते, की आई माझ्या यादीत आलीच नव्हती.

"मी घेते ना," वहिनी म्हणाली. "त्याने चालू ठेवलेलं बंद कशाला पाडायचं? तुम्ही थांबता तेव्हा घेते. फक्त आमेन नाही म्हणत. ते माझ्याने होत नाही."

तेव्हा आई रडली. दफनभूमीत रडली नव्हती, घरी आल्यावरही नव्हती. वहिनीने मेथीचे हात पदराला पुसले आणि ती तिच्याजवळ येऊन बसली.

आईने इतके दिवस त्या शांततेत काय ऐकलं, हे मी तिला विचारलेलं नाही. मला अजूनही कधीकधी जेवताना कान द्यावासा वाटतो. दादा कुठे आहे ते मला अजून माहीत नाही, आणि कोणी विचारलं तर मी तसंच सांगते. पण आईने तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

त्या संध्याकाळी ती स्वतःच म्हणाली, "बसा गं, आज मी करते." तिने आजाऱ्यांची नावं घेतली, इमारतीतल्यांची घेतली. दादापाशी आली. मला वाटलं, आता ही उडी मारेल. तिने त्याचं नाव घेतलं, स्पष्ट, आणि पुढे काहीच मागितलं नाही. मग वहिनीचं, मग आमचं. आमेन, ती म्हणाली. आमेन, मी म्हटलं.

मग आम्ही थांबलो. या वेळी मी डोळे उघडे ठेवले होते. वहिनीचे ओठ हलले.

"झालं का?" आईने डोळे मिटूनच विचारलं.

"झालं," वहिनी म्हणाली.