रिकाम्या चॅनेलवर कोण होतं?

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही बहुतेक नाहीच... पण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या, शाळा सातवीतच सुटली.

मी हैदराबादला एका मॅडमच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. मॅडम रेडिओवर संशोधन करतात. खेड्यांत टीव्हीचे जे चॅनेल रिकामे पडून असतात, त्यांवरून इंटरनेट देता येईल का, ते बघायचं. त्यांचं यंत्र आधी ऐकतं. चॅनेलवर कोणी असेल तर गप्प बसतं, नसेल तरच बोलतं. ऐकताना गाडी बंद, आमचे मोबाईल बंद – नियमच.

हे घडलं त्या वर्षी कपाशीवर बोंडअळी फार. विषारी औषध फवारता फवारता माणसं वावरात पडत होती. टेस्टिंगसाठी आम्ही यवतमाळकडे माझ्या गावी आलो होतो; बोरी अरबच्या शिवारात, टेकाडावर, भर दुपारी अँटेना उभी केली. काम आटोपून आमच्या घरी जेवायचं ठरलं होतं.

"राजू, इथे कोणीतरी आहे," मॅडम स्क्रीनकडे बघत म्हणाल्या. एक रेष उठायची, बसायची... दम लागल्यासारखी.

"इथं कोण येते मॅडम? माकडंबी जेवाले गेले असतीन."

"अँटेना फिरव हळूहळू."

फिरवली. विहिरीकडे तोंड झालं, तशी रेष एकदम वर गेली. तिकडे आमचंच वावर!

"फवारणी पंपाची मोटर असेल."

"आमचा पंप हाताचा हाये, मॅडम," म्हणालो – आणि का कोण जाणे, पळत सुटलो.

छातीएवढ्या कपाशीत माझा मोठा भाऊ, गजूदादा, पडलेला. तोंडाला फेस, पाठीवर पंप तसाच. यंत्र टेकाडावर चालूच टाकून मॅडमनी गाडी आणली. यवतमाळच्या दवाखान्यात त्याला वेळेत नेलं, म्हणून वाचला. मॅडमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

शुद्धीवर येताच दादा माझ्यावर चिडला, "अबे, फोन काहून बंद ठेवतं? किती खेपा लावला तुले!"

वहिनी म्हणाली, "कायचा फोन? तुमचा फोन तं घरी चार्जिंगले होता."

तिने फोन दाखवला. मला लावलेला एकही कॉल त्यात नव्हता.

यंत्रातलं रेकॉर्डिंग मॅडमनी पुन्हा पुन्हा पाहिलं. दादाला गाडीत घातलं, त्याच वेळेला रेष कायमची बसली होती. "मोबाईल या चॅनेलवर येतच नाही," त्या म्हणाल्या.

अजून टेस्टिंगच्या आधी मोबाईल बंद करायची वेळ आली की थांबतो. आधी दादाला फोन लावतो.

"कुठं हायेस?"

"घरीच हावो बे, बाजीवर पडलो. कर बंद तुह्या फोन!"

मग करतो.