कोपऱ्यातले नऊ

"ए मेंढरू, हे काय काढलंयस फळ्यावर?" सर म्हणाले. वर्ग हसला. मागून कुणीतरी 'बेंऽऽ' केलं.

दहावीचा वर्ग. रहिमतपूरजवळचं गाव. फळ्यावर x² + 6x + 5. ते वर्गाच्या रूपात लिहायचं, म्हणजे आलेखाचा शिरोबिंदू लगेच दिसतो. मी आधी चित्र काढलं. आम्ही पूर्वेकडच्या दुष्काळी भागातनं आलेले मेंढपाळ. मेंढरांभोवती वाघर, म्हणजे जाळी, लावताना माझा बाप, आबा, जागा चौरसच आखायचा. कळप वाढला की दोन बाजूंनी तीन-तीन पावलं वाढवायची. मग कोपरा उघडा राहतो. तीन त्रिक नऊ. तो भरला की पुन्हा चौरस. गणितात हाताशी पाचच, म्हणजे चार कमी. मी लिहिलं: (x + 3)² − 4.

"नऊ कुठं मिळवले? कुठं वजा केले?"

"कोपऱ्याला नऊ लागत्यात, सर. आपल्याकडं पाचच हायत. चार कमी पडत्यात."

"लेंड्या मोजतीस व्हय? पूस ते. आणि म्हण, माझं चुकलं."

"उत्तर बरोबर हाय, सर."

मी एवढंच बोलले. डस्टर घेतलं नाही.

शाळेला लागून सरांचंच रान. त्यात खतासाठी आमची मेंढरं बसवलेली. सरांनी खिडकीतून आबाला हाक मारली. आबा दारात पायताण काढून आत आला.

"आवं गुर्जी, चुकलं आसंल पोरीचं. तुमच्या रानात बसलोय आमी. राग धरू नगा."

आणि त्यानं पटक्याच्या टोकानं फळा पुसला. सगळा. आबाला अक्षर येत नव्हतं. आपण आपलीच वाघर पुसतोय, हे त्याला कळलं नाही.

मग सरांनी सहा ओळी लिहिल्या. शेवटची ओळ माझीच होती. (x + 3)² − 4.

मी आबाच्या मागं बाहेर पडले, ती परत गेले नाही. राग सरांवर धरायचा, तो धरला आबावर. आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. तरी तो भाकरी पुढं सरकवायचा.

पुढं लग्न झालं. नवरा कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. आबा गेल्याचा फोन इथंच आला. गाडीनं पोचेपर्यंत माती झाली होती. "आबा, बरोबर होतं" एवढं सांगायचं राहिलं.

शेजारच्या विट्याच्या वहिनींनी दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म आणून दिला. रोज दुपारी स्वतःची झोप मोडून माझ्याजवळ बसतात. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. तरी भीती जात नाही. पेन धरलं की मागून 'बेंऽऽ' ऐकू येतं.

येऊ दे ऐकू. परीक्षेला गावाकडं जाणार. नऊ मिळवले, नऊ वजा केले, तेही लिहिणार. मार्क कापायला जागा ठेवणार नाही. पण आधी चौरस काढणार, आबानं आखला तसा. मोकळा कोपरा दाखवून भरणार. आणि ते चित्र पुसणार नाही. कुणालाच पुसू देणार नाही.