मनगटं बघणारे सर

शुद्धलेखनाच्या चुका होतील, अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची माफी असावी. चौथीनंतर वहीत लिहायला बसले ती आता, सर जाऊन वर्ष झाल्यावर.

सर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, मनगटाकडे बघत. पुण्याजवळ भुकूमला त्यांच्याकडे स्वयंपाकाला लागले त्या दिवशी मी भाकरी थापत होते, तर सर ओट्याशी येऊन टक लावून उभे. मी लाजून पदर हातावर ओढला. "घाबरू नका, बाई. तोंड खोटं बोलू शकतं, मनगटाला ते जमत नाही," म्हणाले. वॉचमन, दूधवाला, सगळ्यांची मनगटं त्यांनी बघून ठेवली होती. जन्मभर फार जुन्या काळच्या माणसांची हाडंच अभ्यासली त्यांनी.

टेबलावर पपनसाएवढी एक कवटी असे. मी म्हटलं, "लेकराची कवटी घरात ठेवत्यात व्हय? मी न्हाई पुसायची." सर हसले. कवटी प्लास्टरची होती, आणि लेकराची नव्हे, मोठ्या बाईची. खूप लांबच्या एका बेटावर अशी कमरेएवढी माणसं राहत होती म्हणे.

"आता कुटं हायेत?"

"आता कुणीच नाही."

त्या दिवसापासून मी तिच्यावर धूळ बसू दिली नाही.

दर रविवारी पुण्याहून सरांचे कॉलेजपासूनचे मित्र येत. मी त्यांना पुण्याचे सर म्हणे. दोघांचं भांडण एकच, ही माणसं बुटकी कशी? पुण्याचे सर म्हणत, धिप्पाड माणसं बेटावर अडकली, खायला कमी, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लहान होत गेली. आमचे सर म्हणत, ती आलीच लहान, फार जुन्या लहान जातीची.

"त्यांच्या मनगटाची हाडं बघ ना लेका! ही घडणच जुनी आहे."

"तू मनगटच बघत बस, बेट बघू नकोस!"

चहा गार होई, मी दुसरा ठेवी. सर त्यांना फाटकापर्यंत सोडून येत आणि मला म्हणत, "गाढव आहे. पुढच्या रविवारी भरीत करा, त्याला आवडतं."

एका रविवारी पुण्याच्या सरांनी मलाच विचारलं, "तुम्ही धनगराच्या ना? तुमच्या शेळ्यांचं काय झालं, सांगा याला." मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी बोलले, "सासूबाईंनी खालनं उंच शेळ्या आणल्या व्हत्या. आमच्या माले गावच्या डोंगरात चारा कमी. आता बघा, गुडघ्याएवढ्या हायेत."

त्यांनी टेबलावर थाप मारली. "संपलं! चौथी शिकलेल्या बाईनं तुझी चाळीस वर्षं धुऊन वाळत घातली!"

सर हसले नाहीत. "पुढच्या रविवारपासून येऊ नकोस," एवढंच म्हणाले. आणि ते खरंच आले नाहीत.

सर कुणाचं मनगट बघेनात. ताटात अर्धी भाकरी राहू लागली. माझ्या बोलण्यानं दोन म्हाताऱ्यांचं तुटलं, हे मनातून जाईना. घरी सासूबाईंना शेळ्यांचं विचारलं. त्या म्हणाल्या, "चाऱ्यानं कशाला बुटक्या व्हतील, बये? आपला बोकड बिबट्यानं नेला. मग वरच्या वाडीचा बुटका बोकड आणला. तवापासून अवलाद बारकी."

म्हणजे मी चुकीचं सांगितलं होतं. सरांना सांगायला तोंड उघडेना. रोज ताट वाढायचं, शब्द ओठाशी आणायचा आणि "मीठ बराबर हाय ना?" विचारायचं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी सांगून टाकलं.

सर हसतच सुटले. कितीतरी दिवसांनी. "म्हणजे बोकडाचं रक्त! ना त्याचं खरं, ना माझं! थांबा, गाढवाला आत्ता सांगतो." त्यांनी फोन लावला. पलीकडून पुण्याच्या सरांची सून बोलली. बाबा परवा गेले, धावपळीत कळवायचं राहिलं.

सर खुर्चीत बसले. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. मग त्यांनी विचारलं, "हे बोकडाचं तुम्हाला कधी कळलं, बाई?"

"काल सांजच्याला," मी म्हणाले.

"बरं केलंत," सर म्हणाले, "लगेच सांगितलंत."