देवांच्या अंघोळीचं पाणी

मुलगी नोकरीसाठी जर्मनीला गेली, तेव्हा जाताना तिने माझ्या हातात स्नेक प्लांटची कुंडी ठेवली. "आई, वीस दिवसांतून एकदा पाणी. विसरलीस तरी जगेल." विसरण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, त्यामुळे मी निर्धास्त होते.

कुंडी हॉलच्या कोपऱ्यात ठेवली. येता-जाता त्या झाडाशी दोन शब्द बोलायचे. पोर घरातच आहे असं वाटायचं. हे कुणाला सांगितलं नाही, हसले असते सगळे.

दोन महिन्यांत पानं पिवळी पडली. एक तर हात लावताच उपटून आलं, आणि बुडाला नासक्या दुधाचा वास! ते पिशवीत घालून नर्सरी गाठली.

"ताई, पाणी लय झालंय," नर्सरीवाला म्हणाला.

"अहो, महिनाभर थेंब घातलेला नाही मी!"

त्याने मान डोलावली, पण विश्वास काही ठेवला नाही.

चोर घरातच होता. नवरा सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाला आणि जन्मभर ज्या देवांकडे ढुंकून पाहिलं नाही, त्यांना रोज न्हाऊमाखू घालू लागला. सोमवारी दुधाने. ते पाणी मोरीत ओतायचं नाही, त्यावर पाय पडतो, झाडातच घालायचं. तुळस आमच्या अंधाऱ्या फ्लॅटमध्ये कधीच गेली होती. घरात उरलेलं झाड एकच.

दुसऱ्या दिवशी ताम्हण घेऊन निघालेल्या नवऱ्याला मी कुंडीपाशीच पकडलं.

"अहो, वाळवंटातलं झाड ते! त्याला दूध कसलं पाजताय?"

"तीर्थ आहे. तीर्थाने कुणी मरत नाही."

"मेलंय! वास घ्या!"

ते वाकले, वास घेतला आणि तिथेच खाली बसले. "पोर तिकडे एकटी. म्हटलं, देवाचं पाणी तिच्या झाडाला मिळालं तर..." राग होताच मला, पण रडूही आलं.

सगळं उपसलं. एकच पान कडक निघालं. ते कापून दोन दिवस सुकवलं आणि रेताड मातीत खोचलं.

रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. एवढंसं झाड बघून ती ओरडलीच.

"तुझ्या आईनेच फार पाणी घातलं गं," हे गृहस्थ म्हणाले!

मी तोंड उघडलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरलेले.

"हो गं," मी म्हटलं. "राहवतच नव्हतं मला."