शिट्टीनंतरचा नमस्कार

मैदानात कुणी पाय धरून पडला की प्रॉसरसाहेब पाठ फिरवत. पडलेला आमचा असो की समोरचा. सगळे धावत जात, कुणी पाणी आणी, कुणी पाय चोळी, आणि आम्हाला खेळ शिकवणारा हा माणूस कमरेवर हात ठेवून खाडीकडे बघत उभा. पडलेला उठला, चेंडू पुन्हा फिरू लागला, की मग हळूच वळत. गिरणीतले लोक म्हणत, गोरा तो गोराच, त्याला आपल्या हाडांची काय किंमत! दिसत होतं तसंच, त्यामुळे लोकांना तरी काय बोलणार?

इद्वाल प्रॉसर त्यांचं नाव. ठाण्याला खाडीकाठच्या लोकरीच्या गिरणीत ते बॉयलरवर साहेब, आणि मी घडी खात्यात. लढाईत फौजेबरोबर ते कल्याणच्या छावणीत आले. लढाई संपली, फौज गेली, हे राहिले. देश स्वतंत्र झाला, गोरे बोटी भरभरून परत निघाले, तरी हे राहिलेच. तरुणपणी ते पगारी फुटबॉल खेळाडू होते, म्हणून मालकांनी गिरणीचा संघ त्यांच्या हवाली केला. चेंडू लाथाडायचा पगार मिळतो हे ऐकून आमच्या जॉबरने, म्हणजे खात्याच्या मुकादमाने, कपाळावर हात मारला होता. "आणि आम्ही इथं लोकर पिंजतोय! मागच्या जन्मी काय पाप केलं होतं देव जाणे."

त्यांना इंग्रज म्हटलेलं मात्र खपत नसे. एकदा मैदानावर कुणीतरी म्हणालं, "इंग्रजसाहेब, चेंडू इकडे." झालं! साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इंग्रज नाय! वेल्श! हमारा मुलुख अलग, भाषा अलग. माझ्या बापाच्या बापाला शाळेत मार पडला, अपना भाषा बोला म्हणून." हे त्यांचं छावणीतलं हिंदुस्तानी आणि गिरणीतलं मराठी एकत्र कालवून. मी कोळीवाड्यातला. आमच्या बोलीवरून शाळेत मास्तरांनी माझी कमी टिंगल केली नव्हती. त्या दिवशी हा माणूस मला पहिल्यांदा जवळचा वाटला.

शिकवायचे मात्र झकास! आम्ही अनवाणी खेळणारे, चिखलात घसरणारे, एका चेंडूमागे अकराच्या अकरा पळणारे. साहेब मैदानाच्या कडेने ओरडत, "पाय को मत पूछो, डोळा को पूछो!" म्हणजे आधी बघा, मग पळा. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "चेंडू घेव, माणूस सोड." ते वाक्य ते ओरडून सांगत नसत. प्रत्येकाजवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात सांगत.

आमचा पहिला मोठा सामना कल्याणच्या रेल्वेवाल्यांशी झाला. त्यांचा एक उंचेला गडी चेंडू घेऊन सुसाट आला. मी आडवा गेलो, चेंडू काढला, पण माझा पाय सणकून त्याच्या पोटरीला लागला आणि तो बसला खाली. आता पाय लागल्यावर माणूस काय करतो? मी थांबलो, वाकलो, त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावून नमस्कार केला. लहानपणापासूनची सवय, त्यात विचार कसला करायचा? तेवढ्यात त्यांच्या दुसऱ्याने माझ्या मागचा चेंडू पळवला आणि गोल करून मोकळा झाला.

साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मध्यंतरात मला बखोटीला धरून म्हणाले, "क्या करता है? मैदानात पूजा करता है?"

"पाय लागला, साहेब."

"तो?"

"तो काय? माणसाला पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा. मुद्दाम लागो की चुकून. नाहीतर ते तसंच राहतं."

"क्या राहतं?"

आता हे कसं समजावणार? मी म्हटलं, "पाय लागलेला राहतो, साहेब. दोघांच्याही अंगावर."

माझी बाही त्यांच्या मुठीत होती, ती सुटली. मग खाली बघत म्हणाले, "ठीक. करो. लेकिन शिट्टी के बाद. खेळ चालू असताना चेंडू. शिट्टी झाली की नमस्कार."

तेव्हापासून आमच्या संघाची ही रीतच पडली. शेवटची शिट्टी झाली की ज्याचा पाय ज्याला लागला असेल त्याने जाऊन हात लावायचा. कल्याणवाले आधी फिदीफिदी हसले. पुढच्या वर्षी तेही करायला लागले. मैदानाबाहेर एकमेकांना शिव्या घालणारी माणसं शिट्टीनंतर अशी वाकायची की बघणाऱ्याला गंमत वाटावी. साहेब मात्र ते बघायला थांबत नसत. शिट्टी झाली की चेंडू काखेत मारून खोलीकडे चालू लागत.

खोली बॉयलरच्या मागे. एक लोखंडी खाट, एक खुर्ची. दुसरी खुर्ची नव्हती, कारण दुसरं कुणी येत नव्हतं. बाकीचे गोरे साहेब क्लबात जात, हे जात नसत. रविवारी गिरणी बंद असली की रिकाम्या मैदानावर एकटेच भिंतीवर चेंडू मारत बसत. धप्, धप्, धप्. कोळीवाड्यापर्यंत आवाज यायचा. गिरणी गोऱ्या साहेबांना मायदेशी जायला लांबलचक रजा देई. बाकीचे त्या रजेवर डोळा ठेवून दिवस काढत. साहेब त्यांची रजा त्या खोलीत बसून संपवत. "घर नाय जाना?" विचारलं तर म्हणत, "बहुत थंडी है उधर." थंडीला भिणारा माणूस बॉयलरसमोर घाम पुसत हे सांगतो, आणि आपण ऐकून घ्यायचं!

माझी आई बाजारात मासळी विकायची. तो आवाज ऐकून एका रविवारी म्हणाली, "एकटा जीव. खातो काय, पितो काय, कोन इचारनार त्याला? घरी आन." आणलं. तांदळाची भाकरी आणि ताजे बोंबील. साहेबांनी काटा काढायला बोटं घातली ती थेट आमच्यासारखी. आई जगात कुणालाच अहो म्हणत नसे, साहेबांनाही अरे-तुरे. आणि साहेब माझं ऐकून तिला "आये" म्हणू लागले. मग बरेच रविवार ते येत. बोलत फार नसत. जेवत, ओट्यावर बसत, जाळी विणणाऱ्यांचे हात बघत.

मग एका सामन्यात माझा घोटा मुरगळला. मुरगळला कसला, कडकन् आवाज झाला. मी चिखलात पडून ओरडत होतो आणि मान वर केली तर साहेबांची पाठ! ज्या माणसाला माझ्या आईच्या हातचं जेवायला घालतो तो खाडी बघतोय. मला इतकं लागलं त्या पाठीचं, की घोट्याचं काहीच नाही.

रविवारी ते आले. आईने भाकरी वाढली नाही. दारातच विचारलं, "सायबा, माझा पोर पडला तं तू पाठ कशी फिरवलीस?"

साहेब उंबऱ्याबाहेरच बसले. आणि मग बोलायला लागले ते थांबेनात. त्यांच्या गावी डोंगरात कोळशाच्या खाणी. ते आणि इव्हान एकाच गल्लीतले, एकाच दिवशी खाणीत उतरलेले, एकाच चेंडूवर वाढलेले. पुढे साहेबांना इंग्लंडातल्या एका मोठ्या शहराच्या संघाने उचललं. चांगला पगार, हजारो माणसं नाव घेऊन ओरडणारी. इव्हान गावाकडच्या संघात राहिला. एका हिवाळ्यात दोन्ही संघ समोरासमोर आले. चिखल होता. इव्हान चेंडू घेऊन आला, साहेब आडवे गेले, आणि इव्हानचा पाय मोडला.

"आवाज आला," साहेब म्हणाले. "त्याने माझं नाव घेतलं. इद्वाल म्हणून हाक मारली. आणि मी पाठ फिरवली. बघवलं नाय, आये. पाठ फिरवली आणि चाललो."

इव्हान पुन्हा खेळला नाही. साहेब त्याला भेटायला गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता जायची वाटच बुजली. गल्ली एकच, म्हणून स्वतःच्या घरीही जाणं सोडलं. आईवडील गेले तेव्हासुद्धा नाही. मैदानात कुणाच्या अंगावर जायला पाय धजेना, संघाने काढून टाकलं. मग लढाई, मग कल्याण, मग ही खोली.

आईला फुटबॉल कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "हात लावलास का त्याला?"

"नाय."

"मग जा नि लाव."

"आता? इतकी वर्षं झाली. मेला असेल तो तर?"

"मेला आसंल तं मातीला लाव. मानूस जातो. माती कुठं जात नाय." आणि मग तिने भाकरी वाढली.

त्या वर्षी साहेबांनी रजा मागितली. गिरणीतले लोक आ वासून बघत राहिले. ठाणे स्टेशनात आम्ही सोडायला गेलो. गाडी हलली तेव्हा साहेब आम्हाला म्हणाले, "चेंडू घेव, माणूस सोड." ते परत येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो. रविवारी भिंतीवरचा आवाज बंद झाला, आणि आईचं कशात लक्ष लागेना.

पण एका दुपारी उंबऱ्यावर उभे! वाळलेले, पिकलेले. आईने काही विचारलं नाही, पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, "माणूस नव्हता, आये. आदल्या हिवाळ्यात गेला. मातीला लावला हात."

"बरं केलंस."

"त्याची बायको भेटली." साहेब तांब्याकडे बघत होते. "इव्हान खाणीच्या तोंडाशी बसून खाली उतरणाऱ्यांना दिवे वाटायचा. पायाचा राग नव्हता म्हणे त्याला. खेळात पाय मोडतात. दर शनिवारी सामने सुटले की तो दाराशी उभा राहायचा. ती विचारायची, कुणाची वाट बघतोस? तर म्हणायचा, इद्वाल येईल. मरेपर्यंत म्हणायचा." त्यांनी तोंड हातात लपवलं. "मी घाबरत होतो की तो दार लावेल. त्याने उघडं ठेवलं होतं."

मला वाटलं होतं जाऊन आल्यावर माणूस हलका होईल. छे! पहिल्यापेक्षा एकटे झाले. त्यांच्या गावात त्यांचं कुणी उरलं नव्हतं आणि आम्ही तरी त्यांचे कितीसे होतो? रविवारची धप् धप् पुन्हा सुरू झाली. एक मात्र झालं. मैदानात कुणी पडला की सगळ्यांच्या आधी साहेब पोचत. वयाने गुडघा धड राहिला नव्हता, तरी लंगडत, चिखल तुडवत. पडलेल्याचा पाय मांडीवर घेत आणि म्हणत, "मी है इधर. मी है." मग तो आमचा असो की कल्याणचा.

चार-दोन पावसाळे गेले आणि साहेब गेले. तापाचं निमित्त झालं. दफनाला गिरणीचे गोरे साहेब थोडे, बाकी आम्ही सगळे चिखलात खेळणारे. कल्याणचा तो उंचेला गडीही आला होता. शवपेटी उचलून न्यायला आम्हीच होतो. खड्ड्याशी माती भुसभुशीत झाली होती. पेटी खाली ठेवताना माझा तोल गेला आणि पाय सणकून पेटीला लागला.

पाद्रीबाबा प्रार्थना म्हणत होते, मध्ये काही करायचं नसतं हे मलाही कळत होतं. मी थांबलो. प्रार्थना पूर्ण संपू दिली. मग वाकलो, पेटीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. माझ्या मागून कल्याणचा गडी वाकला, मग एकेक करत सगळे. शिट्टी होऊन गेली होती.