केसपेपरवरची मिश्री

माझ्या बायकोच्या केसपेपरवर दोन वर्षं एक अर्धवट गोष्ट लिहिलेली होती. ती सांगणारा मी होतो. आता वय झालंय, तेव्हा कोणी विचारायच्या आत ती पुरी करून टाकतो.

मी एसटीत कंडक्टर होतो. जुन्नरच्या स्टँडवर गाडीच्या दारात उभं राहून ओतूरपासून आळेफाट्यापर्यंतची सगळी गावं मी एका दमात ओरडायचो. या दमाचा मला फार अभिमान. निवृत्तीनंतर आवाज तेवढाच राहिला, ऐकणारी मात्र एकच उरली.

साठी ओलांडल्यावर तिला दम लागायला लागला. विहिरीवरून घरी येताना दोनदा टेकायची. ओतूरला डॉक्टरांकडे नेलं. तंबाखू वगैरे काही, असं त्यांनी तिला विचारलं. ती उत्तरासाठी श्वास जमवत होती, तेवढ्यात मीच सांगून टाकलं, "मिश्री लावते. कितीदा सांगितलं, ऐकत नाही." मग त्यांनी विचारलं, स्वयंपाक चुलीवर का गॅसवर? मी म्हणालो, गॅस आहे.

गॅस होताच. मुलीनं घेऊन दिलेला. शेगडीवर क्रोशाचा रुमाल असायचा, तो पाहुण्यांच्या चहापुरता निघायचा. दोन्ही वेळच्या भाकरी मागच्या पडवीत चुलीवर. गॅसवरच्या भाकरीला चव नसते, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी लग्नाच्या पंगतीत, देवळाच्या पायरीवर, चालत्या गाडीत ड्रायव्हरलासुद्धा ऐकवलेलं होतं. पावसाळ्यात लाकडं ओली असली की पडवीत माणूस दिसत नसे, नुसता खोकला ऐकू यायचा. मी पुढच्या ओट्यावरून विचारायचो, झाली का भाकरी?

तर केसपेपरवर मिश्री लिहिली गेली आणि चूल राहिली. तिनं मिश्री सोडली. चार-सहा दिवस डोकं धरून बसली, पण सोडली. दम काही कमी झाला नाही. मग मी असा निष्कर्ष काढला की ही चोरून लावत असणार. तिकीट तपासनिसाच्या थाटात मी घराची झडती घ्यायला लागलो. बाजरीची कणगी, देवाचा कोनाडा, तिच्या लुगड्यांची घडी. सापडलं काही नाही. तरी शेजारणीला सांगितलं, मुलीला फोनवर सांगितलं.

त्या दोन वर्षांत घरातलं प्रत्येक भांडण मी जिंकलो. तिला आता एक वाक्य सलग बोलता येत नव्हतं. अर्ध्यात श्वासासाठी थांबली की मी डबल बेल दिल्यासारखा उठून निघून जायचो. उरलेलं अर्धं वाक्य मी कधी ऐकलंच नाही.

पुढं डॉक्टरांनी तिला श्वासाच्या व्यायामाला पाठवलं. आठवड्यातून एकदा दवाखान्यात एक तरुण मॅडम यायच्या. समोर सात-आठ म्हाताऱ्या, आणि मागच्या बाकावर मी एकटा पुरुष. मॅडमनी सांगितलं, फुप्फुसांखाली स्नायूचा एक पडदा असतो, श्वास ओढायचं बरंचसं काम तो करतो. वयानं तो दुबळा होतो, पण हातापायांसारखा त्यालाही व्यायाम देता येतो. मग प्रत्येकीच्या हातात प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं. तीन नळकांडी, त्यात तीन रंगीत गोळ्या, बाजूला नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, की गोळ्या वर चढतात.

आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, नळी तोंडात धरली आणि जोरात फुंकली. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, आजी, फुंकायचं नाही, ओढायचं. तिनं मान डोलावली आणि पुन्हा फुंकलं. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी मॅडमनी विचारलं, असं का होतंय?

ती म्हणाली, "चाळीस वर्सं फुकणीच फुकली, बाई. नळी तोंडाला लागली की वारं भाईरच जातं."

बाकीच्या म्हाताऱ्या हसल्या, कारण त्यांतल्या तिघींनी तेच केलं होतं. मॅडम मात्र कागद बघत होत्या. "आजी, यावर तर गॅस लिहिलंय."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मी भिंतीवरचं फुप्फुसांचं चित्र वाचत असल्यासारखं केलं आणि म्हणालो, "चूल सणावाराला पेटते कधीमधी." पहिलं खोटं बोललो तेव्हा अर्धं तरी खरं होतं. हे सबंध खोटं होतं, आणि तिच्यादेखत.

घरी ती सकाळ-संध्याकाळ यंत्र ओढायला लागली. आधी एक गोळी चढायची, महिन्याभरानं दुसरी. एकदा ती विहिरीवर गेलेली बघून मी यंत्र घेतलं. म्हटलं, जुन्नरच्या स्टँडचा दम आहे, तिन्ही एकदम उडतील. पहिली चढली, दुसरी नुसती थरथरली आणि मला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. वर बघतो तर ती कळशी घेऊन दारात उभी.

"दमानं घ्या," ती म्हणाली. "मिश्री लावता का काय तुमी?"

पुढच्या खेपेला मी बाकावर बसलोच नाही. सरळ मॅडमसमोर जाऊन म्हणालो, "कागद दुरुस्त करा. चूल रोज पेटते. दोन्ही वेळा. मला गॅसवरची भाकरी चालत नाही म्हणून." त्यांनी लिहून घेतलं. मिश्री सुटली ते चांगलंच झालं, म्हणाल्या, पण धूर थांबला नाही तर हा व्यायाम किती पुरा पडणार? पोरीच्या वयाच्या बाईनं हे मला शांतपणे सांगितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बायको आणि मी स्टँडवर आलो. गाडी लागलेली होती. दारापाशी ती थांबली.

"दोन वर्सं माजं घर धुंडाळलं, शेजारणीला सांगितलं ही चोरून लावती, पोरीला फोनवर सांगितलं, मला बोलाया दम पुरत न्हवता तर तुमाला वाटलं मला पटलं, आन् आज खरं बोललात ते बी मला यंत्र वढाया आल्यावर, आदी का न्हाई?"

सवयीनं मी ती श्वासाला थांबायची वाट बघत होतो. ती थांबली नाही. गाडीचा कंडक्टर घंटीची दोरी धरून ताटकळत उभा होता. तिनं वाक्य पुरं केलं, मग चढली. मी मागोमाग चढलो.

त्या संध्याकाळी शेगडीवरचा रुमाल निघाला आणि गॅसवर भाकरी झाली. मी दोन खाल्ल्या. कशी हाय, म्हणून तिनं विचारलं. मी एक घास पुन्हा नीट चावून बघितला. काही म्हणता काही फरक नव्हता, आणि तसंच मी तिला सांगितलं.